पोकळ काँक्रीट ब्लॉकची भिंत उष्णता किती अडवते? स्वतः हिशेब करण्याची रीत

पोकळ ब्लॉकच्या भिंतीविषयी एक समजूत फार पक्की बसलेली आहे. ब्लॉकच्या पोटात हवा असते, हवा उष्णतेची मंदवाहक असते, तेव्हा अशी भिंत खोली उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार ठेवणारच, असा तो तर्क आहे. यातली पहिली दोन विधाने बरोबर आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष बराचसा चुकतो. उष्णतेला पोकळी ओलांडूनच पलीकडे जाण्याची सक्ती नसते. ब्लॉकची पुढची आणि मागची बाजू जोडणाऱ्या ज्या काँक्रीटच्या पडद्या असतात, त्यांतून तिला सरळ वाट मिळते आणि ती तिचा पुरेपूर वापर करते. म्हणून अशा भिंतीची उष्णतारोधकता समजून घ्यायची असेल, तर पोकळी किती मोठी आहे यापेक्षा पडद्या किती जाड आहेत आणि त्या कशाच्या बनल्या आहेत, हे आधी पाहावे लागते.

पुढची रीत ज्यांनी असा हिशेब कधी केलेला नाही त्यांच्यासाठी आहे. तिला मोजपट्टी, वजनकाटा आणि साधा कॅल्क्युलेटर एवढेच पुरते.

पहिली पायरी : ब्लॉक मोजा

सर्वत्र चालणाऱ्या ब्लॉकचे नाममात्र माप ४०० × २०० × २०० मिलिमीटर असते. प्रत्यक्षात तो ३९० × १९० × १९० भरतो, कारण उरलेले १० मिलिमीटर सांध्याच्या मसाल्यासाठी सोडलेले असतात. ब्लॉक उभा ठेवून वरून पाहिला की त्याची रचना स्पष्ट दिसते. भिंतीच्या बाहेरच्या आणि आतल्या अंगाला येणाऱ्या दोन लांब बाजू असतात, त्यांना आपण ‘कवच’ म्हणू. त्या दोन कवचांना जोडणाऱ्या, दोन टोकांना आणि एक मध्ये अशा तीन आडव्या भिंतुकल्या असतात, त्यांना ‘पडद्या’ म्हणू.

मापे घेताना एक गोष्ट नवख्याला गोंधळात टाकते. ब्लॉकच्या एका तोंडाशी पडदी ३३ मिलिमीटर भरते, तर ब्लॉक उलटा करून पाहिल्यास तीच पडदी २७ मिलिमीटर भरते. ब्लॉक सदोष आहे असा याचा अर्थ नव्हे. ओल्या काँक्रीटमधून साच्याचा गाभा सहज सुटून यावा म्हणून त्याला थोडा उतार दिलेला असतो, आणि तोच उतार पोकळीत उतरतो. गवंडी जाड बाजू वर ठेवून ब्लॉक लावतो, कारण मसाला पसरायला तिथे जास्त जागा मिळते. हिशेबासाठी दोन्ही तोंडांची मापे घेऊन त्यांची सरासरी धरावी.

या लेखात उदाहरणासाठी एकच ब्लॉक शेवटपर्यंत वापरला आहे. त्याची दोन्ही कवचे प्रत्येकी ३२ मिलिमीटर, कवचांमधील पोकळी १२६ मिलिमीटर आणि तीन पडद्या प्रत्येकी ३० मिलिमीटर जाड आहेत. पडद्यांची एकूण जाडी ९० मिलिमीटर होते आणि शेजारच्या ब्लॉकशी असलेल्या उभ्या सांध्याचे १० मिलिमीटर त्यात मिळवले, की ४०० पैकी १०० मिलिमीटर भरीव निघतात. म्हणजे भिंतीच्या मधल्या थराचा २५ टक्के भाग काँक्रीटचा आणि ७५ टक्के भाग पोकळ आहे. हे प्रमाण कागदावर लिहून ठेवावे, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे.

दुसरी पायरी : काँक्रीट किती घन आहे ते ठरवा

पदार्थातून उष्णता किती सहज वाहते हे त्याच्या वाहकतेवरून कळते, आणि ती वॅट प्रति मीटर प्रति केल्विन या एककात मोजतात. स्थिर हवेची वाहकता सुमारे ०.०२५ असते, थर्माकोलची सुमारे ०.०३६ आणि पाण्याची सुमारे ०.६. काँक्रीटला मात्र असा एकच आकडा नाही. दगडी खडी आणि वाळू घालून केलेल्या घन काँक्रीटची वाहकता १.५ किंवा त्याहून जास्त असू शकते, तर फुगवलेली माती, प्युमिस यांसारखी हलकी खडी वापरलेल्या काँक्रीटची ०.५ पर्यंत किंवा त्याखालीही येते. दिसायला दोन्ही ब्लॉक सारखेच करडे असतात, त्यामुळे डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

घनता घरीही काढता येते. कोरडा ब्लॉक सपाट फरशीवर ठेवून त्याच्या पोकळ्या कोरड्या वाळूने काठोकाठ भराव्यात, वरून पट्टी फिरवून वाळू समतल करावी, मग ब्लॉक उचलून खाली राहिलेली वाळू लिटरच्या मापाने मोजावी. आपल्या उदाहरणातील ब्लॉकच्या पोकळ्यांत सुमारे ७.२ लिटर वाळू मावते. ब्लॉकचे बाहेरचे आकारमान १४.१ लिटर आहे, तेव्हा प्रत्यक्ष काँक्रीट ६.९ लिटर उरते. ब्लॉकचे वजन १५ किलो भरले तर घनता प्रति घनमीटर २२०० किलोच्या जवळ येते, आणि ते निःसंशय जड काँक्रीट आहे. तेच वजन साडेआठ किलोच्या आसपास भरले, तर घनता १२०० च्या घरात येते आणि ब्लॉक हलक्या खडीचा आहे असे समजावे. जड ब्लॉकसाठी १.५ आणि हलक्यासाठी ०.५ ही वाहकता आपण धरू. उत्पादकाने तपासून दिलेला आकडा हाती असेल तर अर्थातच तो वापरावा, पण तो कोरड्या नमुन्याचा आहे की नेहमीच्या ओलाव्यासह आहे, हे विचारल्याशिवाय राहू नये.

तिसरी पायरी : पोकळीतील हवेला तिची खरी किंमत द्या

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. हवेची वाहकता ०.०२५ आहे, पोकळी ०.१२६ मीटर रुंद आहे, म्हणून रुंदीला वाहकतेने भागून रोध, म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, ५ पेक्षा जास्त आला असे अनेक जण मांडतात. हा भागाकार हवा अजिबात न हलणारी आणि दोन्ही बाजूंची कवचे एकमेकांना उष्णता न पाठवणारी असती तरच बरोबर ठरला असता.

प्रत्यक्षात पोकळीत तीन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. हवेतून थोडे वहन होते. गरम कवचाजवळची हवा वर चढते, गार कवचाजवळची खाली उतरते आणि हे अभिसरण उष्णता वाहून नेते. शिवाय गरम कवच गार कवचाकडे उष्णता प्रारणाने फेकते, आणि या फेकण्याला हवेची गरजच नसते. काँक्रीटचा खडबडीत पृष्ठभाग प्रारण टाकण्यात आणि शोषण्यात फार तत्पर असतो, त्यामुळे रुंद पोकळी ओलांडणाऱ्या उष्णतेपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त वाटा एकट्या प्रारणाचा असतो. पोकळी रुंद केल्याने प्रारणाला काहीच फरक पडत नाही.

याच कारणाने आयएसओ ६९४६ या आंतरराष्ट्रीय मानकात उभ्या भिंतीतील बंद हवेच्या थराला, तो २५ मिलिमीटरचा असो की १०० मिलिमीटरचा, एकच रोध दिला आहे, आणि तो म्हणजे ०.१८ चौरस मीटर केल्विन प्रति वॅट. ५ मिलिमीटरच्या फटीलाही ०.११ मिळतो. म्हणजे पोकळी पाचपट रुंद केली तरी रोध दुप्पटही होत नाही. एका रुंद पोकळीऐवजी दोन अरुंद पोकळ्या एकामागे एक आल्या, तर मात्र ०.१८ दोनदा मिळतात. दोन-तीन ओळींत पोकळ्या असलेले ब्लॉक बनवण्यामागे हाच विचार असतो.

चौथी पायरी : बेरीज करा

रोधाचा नियम सोपा आहे. थराची जाडी मीटरमध्ये घेऊन तिला वाहकतेने भागले की त्या थराचा रोध मिळतो. एकामागे एक येणाऱ्या थरांचे रोध मिळवायचे असतात. भिंतीच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटलेल्या हवेच्या पातळ थराचा रोध ०.१३ आणि बाहेरच्याचा ०.०४ धरतात. एकूण रोधाने १ ला भागले की ‘यू-मूल्य’ मिळते, म्हणजे आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून किती वॅट उष्णता जाते तो आकडा. यू-मूल्य जितके कमी, तितकी भिंत उष्णता जास्त अडवते.

आता आपली भिंत घेऊ. दोन्ही बाजूंचा मिळून ३२ मिलिमीटर सिमेंट गिलावा आहे आणि त्याची वाहकता ०.९ आहे, म्हणून त्याचा रोध ०.०३६ येतो. दोन कवचांची मिळून जाडी ६४ मिलिमीटर आहे, ०.०६४ ला १.५ ने भागले की ०.०४३ मिळतात. राहिला मधला १२६ मिलिमीटरचा थर, आणि त्यात उष्णतेला दोन समांतर वाटा आहेत. पडदीचा रोध ०.१२६ भागिले १.५ म्हणजे ०.०८४ आहे, पोकळीचा ०.१८ आहे. समांतर वाटांचे रोध मिळवायचे नसतात, त्यांतून जाणारी उष्णता मिळवायची असते. म्हणून ०.२५ ला ०.०८४ ने भागावे, ०.७५ ला ०.१८ ने भागावे आणि दोन्ही उत्तरांची बेरीज करावी. पहिले उत्तर २.९८, दुसरे ४.१७, बेरीज ७.१५ येते. १ ला ७.१५ ने भागले की मधल्या थराचा रोध ०.१४ निघतो.

सगळे एकत्र केले की ०.१३, ०.०४, ०.०३६, ०.०४३ आणि ०.१४ मिळून सुमारे ०.३९ होतात, आणि यू-मूल्य २.६ च्या जवळ येते. याच जाडीची भिंत संपूर्ण भरीव काँक्रीटची असती, तर ते ३.० आले असते. म्हणजे ब्लॉकच्या पोटातून निम्म्याहून जास्त काँक्रीट काढून टाकल्याचा उष्णतेच्या बाबतीत मिळालेला मोबदला जेमतेम १५ टक्के आहे. पोकळ ब्लॉकचे वजन, खर्च आणि बांधकामाचा वेग यांतले फायदे खरे आहेत, त्यांविषयी वाद नाही, पण उष्णतारोधकतेच्या नावाने त्याची जी जाहिरात होते ती या आकड्यांपुढे टिकत नाही.

वर दिलेल्या बेरजेतला एक तपशील पुन्हा पाहण्यासारखा आहे. मधल्या थरातून जाणाऱ्या ७.१५ भागांपैकी २.९८ भाग पडद्यांतून गेले. पडद्यांनी पाव जागा व्यापली आहे, पण ४२ टक्के उष्णता त्यांच्यातून गेली.

पाचवी पायरी : पोकळीत भराव घालावा का?

पोकळी रिकामी ठेवण्यापेक्षा तिच्यात परलाइट, व्हर्मिक्युलाइट (दोन्ही फुगवलेली हलकी खनिजे) किंवा थर्माकोलचे दाणे भरावेत, ही सूचना पुष्कळदा केली जाते. परलाइटची वाहकता ०.०५ धरली तर १२६ मिलिमीटर भरावाचा रोध २.५२ होतो, म्हणजे रिकाम्या पोकळीच्या १४ पट. पडद्या नसत्या तर अशा भिंतीचे यू-मूल्य ०.३६ आले असते, आणि काही पत्रकांत ‘पोकळीच्या मध्यावर’ अशा बारीक अक्षरांतील टीपेसह असाच मोहक आकडा छापलेला असतो.

आता पडद्यांसह हिशेब करू. ०.२५ भागिले ०.०८४ हे आधीप्रमाणेच २.९८ आहे, तर ०.७५ भागिले २.५२ फक्त ०.३० येते. बेरीज ३.२८, मधल्या थराचा रोध ०.३०५, एकूण रोध सुमारे ०.५५ आणि यू-मूल्य १.८. भराव हवेपेक्षा १४ पट चांगला असूनही भिंत केवळ ३० टक्क्यांनी सुधारली, कारण आता मधल्या थरातून जाणाऱ्या उष्णतेपैकी ९१ टक्के त्या पाव जागेतल्या पडद्यांतून जाते आहे. मी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा कुठेतरी दशांश चिन्ह सरकले असावे असे वाटून तो तीनदा तपासला होता.

हलक्या खडीच्या ब्लॉकची गोष्ट वेगळी आहे. त्याच मापाचा, पण ०.५ वाहकतेचा ब्लॉक रिकामा असताना यू-मूल्य १.९ देतो, म्हणजे भराव घातलेल्या जड ब्लॉकच्या जवळपास. त्याच्यात भराव घातला तर ते ०.९ पर्यंत उतरते, म्हणजे निम्म्याहूनही खाली येते. जड ब्लॉकमध्ये भराव घालणे हा माझ्या मते पैशांचा दुरुपयोग आहे, हलक्या ब्लॉकमध्ये मात्र तो विचार करण्याजोगा पर्याय आहे. दोन ओळींत पोकळ्या असलेला जड ब्लॉक घेतला तर यू-मूल्य २.३ च्या आसपास येते. सुधारणा आहे, पण मोठी नाही.

एक सावधगिरीची सूचना इथे करायला हवी. आपण वापरलेली रीत प्रत्येक थरात उष्णता आडवी पसरू शकते असे गृहीत धरते आणि म्हणून सर्वांत प्रतिकूल उत्तर देते. पडदीची वाट आणि पोकळीची वाट आतल्या पृष्ठभागापासून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पूर्णपणे वेगळी मानली तर सर्वांत अनुकूल उत्तर मिळते. आयएसओ ६९४६ मध्ये या दोन रीतींनी निघालेल्या एकूण रोधांची सरासरी घेतात. रिकाम्या जड ब्लॉकसाठी ते रोध ०.३९ आणि ०.४० इतके जवळ आहेत, त्यामुळे काळजीचे कारण नाही. भराव घातलेल्या जड ब्लॉकसाठी मात्र ते ०.५५ आणि ०.९८ असे दूर जातात. मोठा आकडा लहान आकड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त असेल तर ही सोपी रीत वापरू नये, असे ते मानकच सांगते, आणि आपला आकडा पावणेदोन पटींच्या वर गेला आहे. तिथे संगणकावर सविस्तर गणित करावे लागते किंवा प्रयोगशाळेत भिंतीचा नमुना तपासावा लागतो. तोवर नवख्याने प्रतिकूल उत्तर धरून चालणे शहाणपणाचे आहे, कारण कवचे उष्णता आडवी पसरवून पडद्यांपर्यंत पोहोचवतातच.

सहावी पायरी : अखंड थर कोठे लावायचा ते ठरवा

पडद्यांची वाट तोडायची असेल तर उष्णतारोधक थर त्यांच्या आड, संपूर्ण भिंतीवर सलग यायला हवा. त्याच जड, रिकाम्या ब्लॉकच्या भिंतीवर ५० मिलिमीटर थर्माकोलचा अखंड थर लावला, तर त्याचा १.३९ इतका रोध आधीच्या ०.३९ मध्ये सरळ मिळतो आणि यू-मूल्य ०.५६ पर्यंत खाली येते. १० चौरस मीटर भिंतीच्या आत-बाहेर २० अंशांचा फरक असेल, तर उघड्या भिंतीतून सुमारे ५२० वॅट आणि या भिंतीतून सुमारे ११० वॅट उष्णता जाईल. १२६ मिलिमीटर भरावाने जे साधले नाही ते ५० मिलिमीटरच्या थराने साधले, याचे एकमेव कारण म्हणजे त्या थराला भोके नाहीत.

हा थर बाहेरून लावावा की आतून, याचे उत्तर खोलीच्या वापरावर अवलंबून आहे. गिलाव्यासह आपल्या भिंतीचे वजन प्रति चौरस मीटर पाव टनाच्या आसपास भरते, आणि एवढे वस्तुमान उष्णता साठवून ठेवते. दुपारचे ऊन बाहेरच्या अंगावर पडते, पण त्याची धग आतल्या अंगाला काही तासांनी जाणवते, म्हणून अशा भिंतीच्या खोलीत संध्याकाळनंतर हात लावला तर भिंत दुपारपेक्षा जास्त तापलेली लागते. थर बाहेरून असेल तर वस्तुमान खोलीच्या बाजूला राहते, खोलीचे तापमान सावकाश बदलते आणि दिवसरात्र वापरात असलेल्या घराला ते मानवते. जी जागा दिवसातून दोन-चार तासच वापरायची आणि झटपट गार किंवा गरम करायची आहे, तिथे आतला थर सोयीचा, कारण मग यंत्राला भिंत तापवत किंवा निववत बसावे लागत नाही. आतल्या थराची एक अडचण मात्र गंभीर आहे. थंड हवामानात खोलीतील दमट हवा त्या थराच्या मागे शिरली, तर गार काँक्रीटवर तिचे पाणी होते आणि ते कोणाच्याही नजरेस पडत नाही. म्हणून आतून थर लावताना सांधे काटेकोर बंद करणे अनिवार्य आहे. थर्माकोल आणि तत्सम फोम जळतात, तेव्हा त्यांवर गिलाव्याचे संरक्षण हवे, आणि उंच इमारतीत खनिज लोकर वापरणे अधिक सुरक्षित आहे.

‘उष्णतारोधक रंगा’विषयीही दोन वाक्ये सांगायला हवीत. उन्हात असलेल्या भिंतीला पांढरा, परावर्तक रंग दिल्याने ती कमी तापते, हे खरे आणि स्वस्तात मिळणारे सुख आहे. परंतु तिसरा हिस्सा मिलिमीटर जाडीच्या रंगाचा रोध, त्याची वाहकता थर्माकोलइतकी कमी मानली तरी, ०.०१ च्या आत राहतो, त्यामुळे हिवाळ्यात आतली ऊब राखण्यासाठी त्याचा उपयोग नाही.

सातवी पायरी : कागदावरचा आकडा बांधकामात बिघडू देऊ नका

पहिला धोका पाण्याचा. पाण्याची वाहकता हवेच्या सुमारे २४ पट आहे, त्यामुळे काँक्रीटच्या छिद्रांत किंवा भरावात पाणी मुरले की रोध झपाट्याने घसरतो. भराव घालायचाच असेल तर तो पाणी न शोषणारा, म्हणजे सिलिकोनची प्रक्रिया केलेला असावा. सर्वांत खालच्या थरात पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे ठेवावीत आणि भराव त्यांतून गळू नये म्हणून त्यांना जाळी लावावी. पावसात अर्धवट उभ्या भिंतीची तोंडे रोज संध्याकाळी झाकावीत. हे काम कंटाळवाणे असते आणि म्हणून नेमके तेच राहते.

दुसरा धोका हवेच्या गळतीचा. एकावर एक आलेल्या पोकळ्या जुळून मजलाभर उंचीची धुराडी तयार होतात. त्यांच्या वरची आणि खालची तोंडे उघडी राहिली, किंवा विजेच्या खोक्यासाठी आतले कवच फोडून भोवतालची फट तशीच सोडली, तर बाहेरची हवा पोकळीतून खेळते आणि ०.१८ हा रोध निव्वळ कागदावर उरतो. वरचा थर भरीव ब्लॉकचा किंवा सलग काँक्रीटच्या पट्ट्याचा असावा, आणि गिलावा छताच्या वर व फरशीच्या खाली झाकल्या जाणाऱ्या भागातही पूर्ण करावा. उघड्या ब्लॉकच्या सांध्यांतून हवा झिरपते, तिला खऱ्या अर्थाने अडवतो तो गिलावाच.

तिसरा धोका हिशेबातून निसटणाऱ्या भरीव भागांचा. भूकंपाच्या दृष्टीने कोपऱ्यांत आणि खिडक्या-दारांच्या बाजूंनी सळया घालून पोकळ्या काँक्रीटने भरतात. मजबुतीसाठी ते आवश्यकच आहे, पण उष्णतेसाठी तेवढी भिंत भरीव झालेली असते. आपल्या भरावाच्या जड भिंतीत दर चार पोकळ्यांपैकी एक अशी काँक्रीटने भरली, तर भरीव प्रमाण २५ वरून सुमारे ४४ टक्क्यांवर जाते आणि यू-मूल्य १.८ वरून पुन्हा २.३ होते. बीम, स्तंभ, लिंटेल आणि स्लॅबची उघडी कड यांचेही असेच आहे. बाहेरून लावलेला अखंड थर या सगळ्यांना एकदमच झाकतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

मसाल्याच्या सांध्यांची चिंता जड ब्लॉकमध्ये फारशी करू नये, कारण मसाला ब्लॉकपेक्षा वाईट नसतो. हलक्या ब्लॉकमध्ये मात्र साधा मसाला ब्लॉकहून जास्त उष्णता नेतो, तेव्हा तिथे तो फक्त कवचांवर पसरावा, पडद्यांवर पसरू नये आणि खाली पोकळीत सांडू देऊ नये. बांधकामाला जाऊन वरून पोकळीत टॉर्च मारली की गवंड्याने काय केले आहे ते लगेच कळते.

आठवी पायरी : उभ्या भिंतीवर पडताळा घ्या

थंडीत पहाटे खोलीत हवा दमट असेल, तर जड ब्लॉकच्या भिंतीवर कधी कधी ब्लॉकची नक्षी उमटलेली दिसते. पडद्यांच्या आणि सांध्यांच्या जागी गिलावा किंचित ओलसर, गडद दिसतो, पोकळ्यांच्या जागी कोरडा. काही वर्षांनी त्याच रेषांवर धूळ चिकटून फिकट करडे पट्टे तयार होतात आणि नवा रंग दिला तरी पुन्हा वर येतात. पुष्कळ जण त्याला गळती समजून छत दुरुस्त करत बसतात. खोलीत २० अंश आणि बाहेर ० अंश तापमान असेल, तर २.६ यू-मूल्याच्या भिंतीचा आतला पृष्ठभाग सुमारे १३.३ अंशांवर येतो, आणि खोलीची आर्द्रता ७० टक्के असेल तर १४.४ अंशांनाच दव पडू लागते. अखंड थर लावलेल्या भिंतीचा पृष्ठभाग त्याच स्थितीत १८.५ अंशांवर राहतो, त्यामुळे ना ओल धरते, ना बुरशी.

याच संबंधाचा उलटा उपयोग करून यू-मूल्याचा अंदाज घेता येतो. खोलीची हवा, भिंतीचा आतला पृष्ठभाग आणि बाहेरची हवा अशी तीन तापमाने घ्यावीत. खोली आणि पृष्ठभाग यांच्यातील फरकाला, खोली आणि बाहेर यांच्यातील फरकाच्या ०.१३ पटीने भागावे. वरच्या उदाहरणात ६.७ भागिले २.६ केल्यास जवळपास २.६ च येतात. ही मोजणी सूर्योदयापूर्वी, रात्रभर तापमान स्थिर असताना आणि ऊन न लागणाऱ्या भिंतीवर करावी. आत-बाहेरचा फरक किमान १० अंश तरी असावा, एरवी तापमापकातील एका अंशाची चूकही उत्तर निकामी करते. नेम धरून मोजणारा इन्फ्रारेड तापमापक वापरायचा असेल तर भिंतीवर मंद पृष्ठभागाची चिकटपट्टी लावून तिच्यावरचे वाचन घ्यावे. पडदीवर एक आणि पोकळीवर एक अशी वेगवेगळी वाचने घेऊन त्यांची २५ आणि ७५ या प्रमाणात सरासरी काढावी. ज्यांना दस्तऐवजात देता येईल असा आकडा हवा असेल, त्यांनी आयएसओ ९८६९ मानकानुसार उष्णताप्रवाह मोजणारी तबकडी भिंतीला लावून किमान ७२ तास सलग नोंदी घ्याव्यात, कारण एवढ्या जड भिंतीत कालचे ऊन आजच्या वाचनातही डोकावत असते.